दुसऱ्या स्लॉटमधला एसएसडी दिसत नाही

प्रश्न : माझ्या मदरबोर्डवर एम.२ चे (पातळ पट्टीसारखा एसएसडी बसतो ते) दोन स्लॉट आहेत. पहिल्यात विंडोजचा एनव्हीएमई (नव्या, वेगवान जोडणीचा) एसएसडी नीट चालतो. दुसऱ्यात जुन्या लॅपटॉपमधला एसएसडी बसवला, तर तो बायोसमध्येही (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) दिसत नाही. स्लॉट गेला का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : इतक्यात स्लॉटला दोष देऊ नका. आधी एसएसडी काढून त्याच्या सोनेरी पट्टीकडे पाहा. दोन खाचा असतील तर तो बहुधा साटा (जुन्या, संथ जोडणीच्या) प्रकारचा. एकच असेल तर बहुधा एनव्हीएमई. पक्कं काय ते लेबलवर कळेल. काही स्लॉट फक्त एनव्हीएमई घेतात, काही फक्त साटा. आकार सारखाच असल्याने चुकीचाही एसएसडी आरामात बसतो आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. स्लॉट आणि एसएसडीची जोडी जुळत नसेल तर बायोसमध्ये कितीही खटपट केली तरी उपयोग नाही, एसएसडी ज्या प्रकारचा असेल त्या प्रकारची एम.२ यूएसबी केस (एसएसडी आत ठेवून बाहेरून जोडायची डबी) घ्या.

जोडी जुळत असेल तर मदरबोर्डच्या पुस्तिकेतला तक्ता वाचा. बऱ्याच बोर्डांवर दुसरा स्लॉट एखाद्या साटा पोर्टशी किंवा पीसीआयई (जादा कार्ड बसवायच्या) स्लॉटशी वाटून घेतलेला असतो; तिथे काही जोडलेलं असेल तर हा स्लॉट बंद राहू शकतो.

मग बसवणी. प्लग काढा, एसएसडी साधारण ३० अंशांत तिरका, पूर्ण आत सारा, मग आडवा दाबून स्क्रू लावा. खाडीकाठच्या दमट हवेत पट्टीवर थर धरतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. खोडरबर नको, कण स्लॉटमध्ये अडकतात.

शेवटी, पहिला स्लॉट त्या प्रकारचा एसएसडी घेत असेल तर तोच एसएसडी तिथे लावून बायोस उघडा. तिथेही दिसला नाही, तर संशय एसएसडीवर.