दाणा भरत असताना शेतात असावं

इंदूर

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचा आराखडा काल रात्री नीट वाचला. बन्सी, म्हणजे रव्याच्या ड्युरम गव्हाला नत्र किती हप्त्यांत द्यावं आणि त्याने दाण्याची प्रत कशी बदलते, हा विषय माळव्याच्या काळ्या जमिनीत राहून अभ्यासायलाच हवा. विषय छानच निवडलास. पण निरीक्षणांचा तक्ता पाहिला आणि लगेच लिहायला बसले. उगवण, तिसाव्या दिवसाचे फुटवे, साठाव्या आणि नव्वदाव्या दिवसाची उंची, आणि मग एकदम कापणी. फुलोरा ते कापणी या काळाची पानं कोरी आहेत. प्रबंधाच्या नावात ‘दाण्याची प्रत’ आहे आणि ती ठरते नेमकी याच काळात.

पेरणीपासून फुलोऱ्यापर्यंत पीक काय करतं, तर जागा तयार करतं. विसाव्या-एकविसाव्या दिवशी मुकुटमुळं फुटतात. त्या वेळी पाणी चुकलं तर फुटवे कमी पडतात, पुढे कितीही पाणी दिलं तरी ते भरून येत नाहीत. कांडी धरताना ओंबीत किती दाणे बसतील याची तयारी होते. फुलोऱ्यानंतर पहिले दोन आठवडे दाण्याच्या आत पेशी वाढत असतात, म्हणजे दाणा किती भरू शकेल याची मर्यादा तेव्हा ठरते. त्यानंतर स्टार्च आणि प्रथिनं भरू लागतात. दोन्ही एका वेगाने भरत नाहीत आणि उष्णता, पाणी, नत्र यांचा दोघांवर सारखा परिणाम होत नाही. तुझा सगळा प्रश्न इथे आहे.

म्हणून हे कर. मुख्य फुटव्यांच्या ओंब्यांवर लक्ष ठेव. पिवळे परागकोष आधी ओंबीच्या मधल्या भागात बाहेर लोंबतात, मग वर आणि खाली. ज्या ओंब्या एकाच दिवशी फुलल्या त्यांना रंगीत दोरा बांध आणि वहीत तारीख लिही. दर 5 दिवसांनी प्रत्येक वाफ्यातून दोरा बांधलेल्या 5 ओंब्या काढ. मधल्या भागातल्या प्रत्येक झुबक्याचे (ओंबीवर दाण्यांचे छोटे गुच्छ असतात ते) तळाचे दोन दाणे वेगळे घे, कारण वरचे दाणे मुळातच बारीक असतात. ओलं वजन घे, मग 70 अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत सुकवून कोरडं वजन घे. सोबत दाणा बोटांनी दाबून पाहा. आधी पाणी निघेल, मग दूध, मग कणकेसारखा मऊ गर, शेवटी नख उमटेल पण फुटणार नाही. पिकाच्या वाढीच्या अवस्था आकड्यांत सांगणाऱ्या झाडॉक्सच्या मोजपट्टीत याला आकडे आहेत: 65 म्हणजे अर्धा फुलोरा, 75 म्हणजे चीक, 85 म्हणजे मऊ गर. ते आकडे लिहीच, पण बोटांना जे कळलं तेही लिही. ओंबीखालचा दांडा पिवळा पडला की दाण्यात पुढे काही जात नाही. तीही तारीख हवी. हे कंटाळवाणं काम आहे आणि प्रबंधाची खरी किंमत यातच आहे.

आता प्रथिनांच्या टक्केवारीबद्दल. इथे चांगली चांगली माणसं फसतात. प्रयोगशाळेतून नत्राचा आकडा येतो, त्याला 5.7 ने गुणलं की प्रथिनांची टक्केवारी मिळते आणि ज्या वाफ्यात ती जास्त तो वाफा चांगला असं लिहून आपण मोकळे होतो. समज, एका वाफ्यात दाणा सरासरी 50 मिलिग्रॅमचा आहे आणि प्रथिनं 12 टक्के. म्हणजे दाण्यात 6 मिलिग्रॅम प्रथिन. दुसऱ्या वाफ्यात उशिरा पेरलेल्या गव्हाला मार्चचं ऊन लागलं, दाणा 38 मिलिग्रॅमवरच थांबला आणि प्रथिनं निघाली 14 टक्के. हिशोब कर: 5.3 मिलिग्रॅम. प्रथिन कमीच आहे, स्टार्च त्याहून जास्त घटला एवढंच. टक्केवारी सुकलेल्या दाण्याचंही कौतुक करते. म्हणून टक्केवारीच्या रकान्याला लागून हजार दाण्यांचं वजन, दर दाण्यातलं प्रथिन आणि हेक्टरी प्रथिन हे तीन रकाने असलेच पाहिजेत. नत्राच्या तिसऱ्या हप्त्याने खरोखर काही दिलं की नाही, ते त्यातूनच कळेल.

उन्हाचा विषय निघालाच आहे तर तापमानाची नोंद प्रयोगाच्या शेजारीच ठेव. दाणा भरताना सरासरी तापमान 15 ते 20 अंश असावं. त्याच्या वर दर अंशाला भरण्याचा काळ सुमारे 3 दिवसांनी आखडतो. 2022 चा मार्च देशात 1901 पासूनच्या नोंदींतला सर्वांत उष्ण मार्च ठरला, उत्तरेकडचा गहू भरता भरता सुकला आणि 13 मे 2022 रोजी निर्यात बंद झाली. त्या वर्षी ज्यांचा दाणा मार्चआधी भरून झाला होता त्यांचं नुकसान कमी झालं. त्यामुळे पेरणीची तारीख हा तुझ्या प्रयोगात तपासायचा घटक नसला तरी सगळे वाफे एकाच दिवशी पेरले गेलेच पाहिजेत, आणि तेही नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. मजूर नाहीत म्हणून अर्धे वाफे आठवड्याने पेरले, तर मार्चमध्ये जे दिसेल ते नत्रामुळे की उन्हामुळे, हे कोणालाच सांगता येणार नाही.

आराखड्यात एक गाठ राहिली आहे, ती पेरणीआधी सोडव. एकूण नत्र सगळीकडे हेक्टरी 120 किलो ठेवलं आहेस, ते योग्यच. दोन हप्ते आणि तीन हप्ते यांची तुलना आहे, तिसरा हप्ता पोटरीत, म्हणजे ओंबी अजून पानाच्या आवरणात असताना. पण काळ्या जमिनीचा वरचा थर तेव्हा कोरडा असतो. तिथे युरिया नुसता टाकला तर तो मुळांपर्यंत पोचत नाही, म्हणून त्या वाफ्यांना तू पाणी देणार. मग दोन हप्त्यांच्या वाफ्यांनाही त्याच दिवशी तेवढंच पाणी मिळायला हवं. नाहीतर तू नत्राची नाही, पाण्याच्या एका जादा पाळीची परीक्षा घेशील. बिननत्राचा एक वाफाही हवा. जमीन स्वतःहून किती देते ते माहीत नसेल तर खताने किती दिलं हे कशावरून सांगणार? सोयाबीननंतरच्या शेतात तर हे फारच महत्त्वाचं.

प्रयोगशाळेचा खर्च वाचवण्यासाठी चारही पुनरावृत्तींतलं (एकाच खतमात्रेच्या चार वेगवेगळ्या वाफ्यांतलं) धान्य एकत्र करून एकच नमुना पाठवायचा, असं तुला कोणीतरी सुचवेल. ऐकू नकोस. नमुने मिसळले की वाफ्या-वाफ्यातला फरक हरवतो आणि त्याशिवाय कुठला फरक खरा, कुठला योगायोगाचा, हे ठरवता येत नाही. पैसे कमी असतील तर उपचार, म्हणजे तुलनेतल्या खतमात्रा, कमी कर, पुनरावृत्ती कमी करू नकोस.

बन्सीत प्रथिनांइतकंच पाहायचं ते दाण्याचं काचेसारखं असणं. वाफ्यातून 50 दाणे घे, ब्लेडने आडवे काप आणि उजेडाकडे धरून पाहा. चांगला दाणा आतून पिवळसर, अर्धपारदर्शक दिसतो. नत्र कमी पडलं असेल तर त्यात पांढरे पिठाळ डाग पडतात. इथले शेतकरी त्याला पोटिया म्हणतात. असा दाणा दळला की रवा कमी आणि पीठ जास्त निघतं, म्हणून गिरणीवाला तो नाकारतो. वाण एकच, शेत एकच, तरी एका वाफ्यात दहा दाणे डागाळलेले आणि शेजारच्या वाफ्यात दोनच, असं तुला दिसू शकतं. ते मोजताना हात थांबवू नकोस, हे यंत्रापेक्षा आधी आणि फुकटात कळतं. शेवटच्या पाण्यावरही नजर ठेव. ओंब्या आल्यावर तुषार सिंचन टाळायचं, दाण्याचं तोंड काळं पडण्याची भीती असते. कापणीच्या तोंडावर मावठा, म्हणजे अवकाळी पाऊस, पडलाच तर तारीख आणि पाऊस किती मिलिमीटर ते लिही, कारण दाण्याची चमक त्याने जाते आणि त्यात तुझ्या नत्राचा दोष नसतो.

ज्या शहरात तू हे करणार आहेस तिथे या प्रश्नाला जुना वारसा आहे, तो माहीत असू दे. इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांचं नाव इंदूरच्या कंपोस्ट पद्धतीमुळे सगळ्यांना ठाऊक असतं. 1924 साली ते इथे आले. पण त्याआधी बिहारमधल्या पुसा इथे त्यांनी आणि त्यांच्या पत्नी गॅब्रिएल हॉवर्ड यांनी गव्हावर वर्षानुवर्षं काम केलं होतं, आणि जमीन-हवामान बदललं की त्याच वाणाची दळण्याची व भाजण्याची प्रत कशी बदलते, हे तपासलं होतं. गॅब्रिएलबाईंचं नाव फार थोड्यांना माहीत आहे, याचं मला नेहमी वाईट वाटतं. पुढे 1951 मध्ये भारतीय कृषी अनुसंधान संस्थेचं गहू केंद्र इंदूरला सुरू झालं. ‘एचआय’ या अक्षरांनी सुरू होणारे गहू तिथलेच. पुसा तेजस म्हणजे एचआय 8759 हा त्यांतला बन्सी. तुझ्या प्रयोगासाठी मी हाच सुचवेन. शेतकऱ्यांच्या हातात तो आहे, त्यामुळे तुझा निष्कर्ष वापरला जाईल.

एप्रिलमध्ये छावणीच्या मंडीत सकाळी जाऊन उभं राहा. व्यापारी मूठभर गहू तळहातावर पसरतो, एक दाणा दाताखाली फोडतो आणि क्षणात भाव बोलतो. तो काय पाहतो ते त्याला विचार. रामबागेतल्या किंवा लोकमान्य नगरातल्या ज्या घरांत वर्षाचा गहू एकदम भरतात, एरंडेल चोळून कोठीत ठेवतात, तिथल्या बायकांनाही विचार. पोळीला शरबती किंवा लोकवन, बाफल्यांना (उकडून भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांना) आणि रव्याला मालवी, म्हणजे इथला बन्सीच, ही वाटणी त्यांना कुणी शिकवलेली नाही. लोकवनच्या पोळीत जे चिवट ग्लूटेन लागतं ते बन्सीत वेगळं असतं. बन्सीत गुणसूत्रं 28, पोळीच्या गव्हात 42, आणि जास्तीच्या त्या संचाबरोबर पोळीच्या कणकेची ताण धरण्याची ताकद येते. म्हणून बन्सीला पोळीच्या गव्हाच्या मापाने कमी ठरवणारं वाक्य तुझ्या प्रबंधात येऊ देऊ नकोस.

शेतकऱ्यांपुढे बोलायची वेळ येईल तेव्हा जास्त भावाचं आश्वासन देऊ नकोस. मंडीत प्रथिनं मोजून भाव ठरत नाही. डाग कमी पडतील, रवा चांगला पडेल, एवढं तुझ्या आकड्यांतून निघालं तर तेवढंच सांग. युरियाच्या तिसऱ्या फेरीची मजुरी किती पडते, हेही त्याच वेळी सांग, कारण तो खर्च त्यांचा आहे.

सुधारलेला आराखडा दसऱ्याआधी पाठव. सोयाबीन निघाल्याबरोबर, कुठलंही खत पडण्याआधी, मातीचे नमुने घे: 0 ते 15 आणि 15 ते 30 सेंटीमीटर, प्रत्येक पुनरावृत्तीतून वेगळे. बियाणं एकाच पिशवीतलं असू दे आणि उगवणशक्ती घरीच शंभर दाण्यांवर पाहून घे. दोऱ्याचे रंग उन्हात उडतात, तेव्हा सुती घेऊ नकोस, नायलॉनचा घे.

तुझी,
ताई

ता.क. प्रत्येक वाफ्याचं 1 किलो धान्य, आत-बाहेर चिठ्ठी लावून, तोंडी परीक्षा होईपर्यंत जपून ठेव. परीक्षक पुन्हा तपासायला सांगू शकतात.