गटात बसून आजार समजून घेताना

प्रश्न: माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया असून औषधांनी तो बराच सावरला आहे. डॉक्टरांनी आता त्याला आणि आम्हालाही गटातील मनोशिक्षणाच्या, म्हणजे आजार समजावून देणाऱ्या सत्रांना बोलावले आहे. अनोळखी लोकांसमोर घरचे बोलणे आईला नको वाटते. औषधे सुरू असताना याची गरज आहे का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर: आईंचा संकोच मी समजू शकतो, तेथे बोललेच पाहिजे असे नाही, पहिली काही सत्रे त्यांनी केवळ ऐकली तरी चालेल. औषधे भास आणि संशय आटोक्यात ठेवतात, परंतु झोप उडणे, एकलकोंडेपणा, चिडचिड ही आजार उलटण्याची पूर्वचिन्हे ओळखणे, किंवा ‘आता बरे वाटते’ म्हणून गोळ्या परस्पर बंद न करणे, हे रुग्णाला आणि घरच्यांना शिकावेच लागते. कुटुंबाला सामील करून घेणाऱ्या अशा शिक्षणाने आजार उलटण्याचे प्रमाण घटते, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. घरातील सततची टीका आणि अतिकाळजी, दोन्ही रुग्णाला जाचतात, आणि ‘आळशी झालाय’ असे आपण ज्याला म्हणतो ते पुष्कळदा आजाराचेच लक्षण असते. ही गोष्ट डॉक्टरांपेक्षा दुसऱ्या रुग्णाच्या आईकडून ऐकली की अधिक पटते, असे मला मनापासून वाटते. गटातील बोलणे बाहेर जाणार नाही, हा नियम पहिल्याच दिवशी विचारून घ्यावा. भावाचीही संमती घ्या. मध्येच अडचण आल्यास ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मराठीतही बोलता येते.