‘मॅच ऑल’ची टिक आणि बाकीच्या गोष्टी

सर्व्हिसनाऊत, म्हणजे कंपनीतल्या सेवा ऑनलाइन मागवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, कोणती सेवा कोणाला दिसावी याचा पहिलाच नियम लावतोयस ना? मग स्क्रीन उघडायच्या आधी एचआरला विचार, ही सेवा कोणाला नको आहे? तिथं ‘अव्हेलेबल फॉर’ आणि ‘नॉट अव्हेलेबल फॉर’ अशा दोन याद्या असतात. एखादा माणूस दोन्हींत सापडला, तर ‘नॉट’च भारी पडतं. म्हणून ती यादी हात राखून वापर.

माझी फजिती मात्र ‘मॅच ऑल’नं, म्हणजे ‘सगळ्या अटी जुळायलाच हव्यात’ या टिकनं केली. वाळूजच्या एका कारखान्यात रात्रपाळीची गाडी फक्त मेंटेनन्सवाल्यांना मागवता यावी, म्हणून लोकेशन वाळूज आणि डिपार्टमेंट मेंटेनन्स टाकलं. टिक करायची राहिली. टिक नसली की कोणतीही एक अट पुरते, बरं का! सकाळी बघतो तर वाळूजच्या अकाउंट्स, स्टोअरनं गाड्या मागवलेल्या, वर जालन्याच्या मेंटेनन्सनंही.

आपल्याकडचं आणखी एक त्रांगडं म्हणजे नावं. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव. स्क्रिप्टमध्ये शहराचं नाव जुळवून नियम लिहिला असेल, तर लोकेशनचं नाव बदलताच तो गुपचूप बंद पडतो. त्यापेक्षा लोकेशनचा रेकॉर्डच निवड. फक्त एकाच शहराच्या जुन्या-नव्या दोन नोंदी नाहीत ना, ते आधी बघ.

अ‍ॅडमिन लॉगिननं तपासू नको, त्याला सगळंच दिसतं. इम्पर्सोनेट करून, म्हणजे दुसऱ्या युजरच्या नावानं शिरून बघ. मी नेहमी एकच अट जुळणारा, म्हणजे वाळूजच्याच अकाउंट्समधला एक युजर घेतो. त्याला गाडी दिसली, की टिक बघायला परत जायचं.