सतत हरणाऱ्या फुटबॉल संघाचे लोक एवढे कट्टर चाहते कसे होतात?

संघ आवडतो म्हणून सुरुवात फार थोड्यांची होते. बहुतेकांना कुणीतरी ओढून नेतं: मोठा भाऊ, कॉलेजचा मित्र, ऑफिसातला कुणी. मग शेजारी ओरडणारी माणसं ओळखीची होतात आणि न जाणं म्हणजे त्यांना दगा दिल्यासारखं वाटू लागतं.

मुंबई एफसी आठवतोय? २००७ साली सुरू झालेला, पिवळ्या जर्सीचा. आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशातली अव्वल लीग, कधीच जिंकला नाही. मुंबईतल्या कूपरेज मैदानाचं काम चालू होतं तेव्हा ‘घरचे’ सामने पुण्यात बालेवाडीला! तरी त्यांच्या चाहत्यांचा गट ‘यलो ब्रिगेड’ ढोल घेऊन हजर. गर्दी कमी असली की खेळाडूंना तुमचे चेहरे पाठ होतात, हाकेला मान वळते. मँचेस्टर युनायटेडचा दादरमधला चाहता हे सुख कुठून आणणार? (२०२४-२५ मध्ये पंधरावे आले, तेव्हा दुःख मात्र पुरेपूर मिळालं.)

शिवाय जेवढं सोसलं तेवढं सोडवत नाही. शहराचा दुसरा संघ, मुंबई सिटी, इंडियन सुपर लीगच्या २०१४ च्या पहिल्या मोसमात आठात सातवी होती. २०२०-२१ मध्ये शील्ड (साखळीत पहिलं आल्याबद्दल) आणि करंडक (अंतिम सामना जिंकल्याबद्दल) दोन्ही आले. आधीपासूनचे चाहते नव्यांना ते ‘सातवी’ आजही ऐकवतात, आणि का ऐकवू नये?

मुंबई एफसीवाल्यांना तेही मिळालं नाही. २०१७ मध्ये संघ तळाला जाऊन आय-लीगमधून बाहेर पडला आणि त्याच मोसमात त्यांचे जुने प्रशिक्षक खालिद जमील यांनी मिझोरामच्या ऐझॉल संघाला तीच लीग जिंकून दिली.