फिल्ड पोस्टिंग, मुलीची नववी आणि गावचं घर: आधी काय धरायचं?

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. मिस्टर हवालदार, 18 वर्षं सर्व्हिस झालेली, युनिट पुण्याहून फिल्डला, म्हणजे कुटुंब सोबत नेता येत नाही अशा भागात, निघालंय, मुलगी आठवीत, मुलगा चौथीत. सासरे म्हणतात गावी या आणि घराचं काम काढा, मिस्टर म्हणतात क्वार्टर सोडू नका, आणि रिटायरमेंटनंतर काय करायचं ते अजून कुणालाच ठाऊक नाही. आमचे हे आर्टिलरीत सुभेदार होते. झाशी, सिकंदराबाद, देवळाली असं फिरून आम्ही सातारा जिल्ह्यात परत आलो, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. तेव्हा जे पाहिलंय त्यावरून लिहिते.

आधी एक कसोटी सांगते. कुठलाही बेत ठरवताना स्वतःला विचारा, मिस्टरांचा फोन महिनाभर लागला नाही तर हे मला एकटीला निभावता येईल का? येत असेल तर बेत बरोबर. युनिट फिल्डला असताना प्रत्यक्षात हेच होतं. आणि ज्या बाईला हे सगळं हाताळायची सवय होते, तिच्या घरी रिटायरमेंटही सोपी जाते.

घर आणि शाळा नंतर बघू, पहिली कागदं. त्यातही तुमचं स्वतःचं नाव. आपल्याकडे लग्नात मुलीचं पाळण्यातलं नाव बदलायची पद्धत अजून आहे. माहेरी मंगल, सासरी माधुरी. शाळेच्या दाखल्यावर मंगल आणि जन्मतारीख 1 जून, कारण शाळेत घालताना गुरुजींनी ती टाकलेली. आधारवर माधुरी आणि 1 जानेवारी. लग्नानंतर युनिटमध्ये जी पार्ट टू ऑर्डर, म्हणजे घरच्या माणसांची रेकॉर्डमधली अधिकृत नोंद, निघाली तिच्यात कुणीतरी स्पेलिंगच वेगळं लिहिलेलं. नवरा सर्व्हिसमध्ये आहे तोवर यातलं काही अडत नाही. उद्या पेन्शनच्या पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावर, हेच नाव उतरतं, आणि फॅमिली पेन्शनची वेळ आली की तेच नाव, तीच तारीख आधार आणि बँकेच्या पासबुकाशी ताडून बघतात. आमच्या वाडीतल्या एका काकूंचं पेन्शन निव्वळ एवढ्यासाठी कितीतरी महिने लटकलं होतं. नवरा गेल्याच्या दुःखात त्या प्रतिज्ञापत्रं आणि पेपरातल्या जाहिराती गोळा करत हिंडत होत्या.

म्हणून युनिट हलायच्या आत मिस्टरांना क्लार्ककडे बसवा. तुमचं आणि दोन्ही मुलांचं नाव, जन्मतारीख, लग्नाची तारीख रेकॉर्डमध्ये कशी आहे त्याची झेरॉक्स घ्या आणि घरच्या कागदांशी अक्षर न् अक्षर जुळवा. फरक निघाला तर दुरुस्तीची पार्ट टू ऑर्डर आत्ताच काढून घ्या. सर्व्हिसमध्ये असताना हे काम युनिटमधूनच होतं. रिटायर झाल्यावर त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार करत बसावं लागतं. सासू-सासरे मिस्टरांवर अवलंबून असतील तर त्यांचीही नोंद याच वेळी झालेली बरी, पुढे ईसीएचएस कार्डाला, म्हणजे माजी सैनिकांच्या उपचार योजनेच्या कार्डाला, तीच लागते.

त्याच बैठकीत नॉमिनेशनही बघून घ्या: एएफपीपी फंड (जवानांचा भविष्यनिर्वाह निधी), ग्रुप इन्शुरन्स, बँक. पुष्कळ जणांच्या फंडावर लग्नाआधी लिहिलेलं आईचं नाव तसंच राहिलेलं असतं. पगाराचं खातं दोघांच्या नावावर करा, ते दोघांपैकी कुणालाही चालवता येईल असं. मृत्युपत्राचा विषय बायका काढत नाहीत, अशुभ वाटतं. काढा. मिस्टरांचा आर्मी नंबर, युनिटचा एपीओ (आर्मी पोस्ट ऑफिस) पत्ता आणि युनिट गेल्यावर मागे राहणाऱ्या तुकडीचा, म्हणजे रिअर पार्टीचा, फोन नंबर एका वहीत लिहून ती वही मुलीलाही दाखवून ठेवा. आणि युनिट कधी निघालं, कुठे पोचलं हे व्हॉट्सअॅप स्टेटसवर टाकू नका, नातेवाइकांनाही टाकू देऊ नका.

आता राहायचं कुठे. माझं मत स्पष्ट आहे, हे मुलीची नववी ठरवेल. नववी ते बारावी ही चार वर्षं तिची शाळा, बोर्ड आणि गाव शक्यतो हलवू नका. सीबीएसईत नववीलाच नोंदणी होते आणि दहावीत शाळा बदलणं सोपं नसतं. शिवाय तुम्ही महाराष्ट्राचे रहिवासी आहात. दहावी-बारावी इथेच झाली तर पुढे मेडिकल किंवा इंजिनिअरिंगच्या प्रवेशात राज्याच्या कोट्याच्या भानगडी उरत नाहीत. डिफेन्स कोट्यातही माजी सैनिक, सेवेतला महाराष्ट्राचा रहिवासी आणि बाहेरून बदलीवर आलेला असे वेगवेगळे प्रकार असतात. त्यातला आपला प्रकार सिद्ध करायला डोमिसाइल लागतं. तेही काढून ठेवा.

पुण्यात फिल्डच्या काळापुरतं एसएफ (सेपरेटेड फॅमिली, नवरा फिल्डला असलेल्या कुटुंबाचं) क्वार्टर मिळत असेल किंवा हेच क्वार्टर काही काळ ठेवता येत असेल, तर मी तुमच्या जागी पुण्यातच राहीन. मुलीची शाळा तीच राहते, मिलिटरी हॉस्पिटल जवळ, आणि आजूबाजूला ज्यांचे नवरे त्याच युनिटबरोबर गेलेत अशा बायका. बातम्यांत काही दाखवलं की शेजारच्या वहिनींच्या दारात जाऊन उभं राहता येतं, हे फार मोठं आहे. गावी माणसं प्रेमाची असतात, पण दर तासाला येऊन विचारतात, काही कळलं का? त्यानं जीव अर्धा होतो. सासऱ्यांना मात्र सरळ सांगा, आठवीनंतर चार वर्षं मुलगी हलवायची नाही, सुट्ट्या सगळ्या गावी. कारण कळलं की वडीलधारी माणसं ऐकतात, नुसतं नाही म्हटलेलं लागतं त्यांना.

क्वार्टर मिळालंच नाही तर गावापेक्षा साताऱ्यासारखं जिल्ह्याचं ठिकाण बघा. भाड्याची खोली किंवा सैनिक कल्याण विभागाचं मुलींचं वसतिगृह, दोन्ही मार्ग आहेत. मुलं केंद्रीय विद्यालयात असतील तर आणखी एक सोय आहे: फिल्डला गेलेल्याचं कुटुंब ज्या गावी मुक्काम हलवतं तिथल्या केंद्रीय विद्यालयात बदलीच्या आधारावर प्रवेश मागता येतो. मुलाचं म्हणाल तर पाचवीत असताना सैनिक स्कूलची परीक्षा द्यायला लावा. सातारचं सैनिक स्कूल 1961 चं, देशातलं पहिलं. सेवेतल्या आणि माजी सैनिकांच्या मुलांना त्यात राखीव जागा आहेत. बेळगावचं राष्ट्रीय मिलिटरी स्कूलही बघा, तिथे तर जवान आणि जेसीओंच्या (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) मुलांना मोठा वाटा आहे. पण पोराची स्वतःची इच्छा असेल तरच. बाप फिल्डला, त्यात आईपासूनही लांब, हे प्रत्येक पोराला झेपत नाही.

घराचं घाईनं नको. सासऱ्यांच्या जागेवर बांधायचं म्हणता, तर ती जागा कुणाच्या नावावर आहे? दीर किती? वाटणी झालीय का? सामाईक जागेवर फौजीच्या पैशानं उभं राहिलेलं घर आणि नंतर भावाभावांत कोर्टकचेरी, हे आपल्या भागात गावोगाव सापडेल. ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा मिस्टरांच्या किंवा तुमच्या नावावर निघाला की मग पाया खणा. माजी सैनिकाला एका घराची घरपट्टी माफ होते, त्यालाही घर नवराबायकोच्या नावावर लागतं. शिवाय नवरा फिल्डला आणि बांधकाम गावी, मग गवंड्याच्या मागे धावणार कोण? तुम्हीच.

पैशाचं गणित मांडून बघा. हवालदाराची मुदत 24 वर्षं आणि वर 2 वर्षं एक्स्टेन्शन, नायब सुभेदार झाले तर आणखी 2 वर्षं. म्हणजे तुमच्याकडे 6 ते 8 वर्षं धरा, जास्तीत जास्त 10. तेव्हा मुलगा दहावी-बारावीला असेल. म्हणजे घरात खर्च सर्वांत वाढतो त्याच वेळी पगार थांबून पेन्शन सुरू होणार. त्या दिवशी हातात ग्रॅच्युइटी, फंड, ग्रुप इन्शुरन्स, रजेचे पैसे असं एकरकमी येतं आणि कम्युटेशन, म्हणजे पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे, किती घ्यायचं ते विचारतात. समजा मूळ पेन्शन 24,000 बसलं. निम्मं विकलं तर त्या वयाला जवळपास 13 लाख हातात येतात आणि 15 वर्षं दरमहा 12,000 कापले जातात, म्हणजे एकूण 21 लाख 60 हजार. महागाई भत्ता मात्र पूर्ण 24,000 वरच मिळतो आणि फॅमिली पेन्शनला या कपातीचा धक्का लागत नाही. हे पैसे कशाला लागणार ते पक्कं असेल, कर्ज फेडायचं असेल, तर जरूर घ्या. सगळे घेतात म्हणून घेऊन पाहुण्याच्या धंद्यात घालू नका. पैसे आल्याचं कळताच चुलत-मावस सगळे दारात येतात, त्यांना काय सांगायचं ते दोघांनी आधीच ठरवा.

स्कॉलरशिपचंही यातच बघा. पंतप्रधान शिष्यवृत्ती माजी सैनिकांच्या मुलांना व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाला मागता येते, मुलीला महिना 3,000, मुलाला 2,500. तुमची मुलगी पहिल्या वर्षाला जाईल तेव्हा मिस्टर बहुधा सर्व्हिसमध्येच असतील, त्यामुळे तिच्या फीची सोय पगारातूनच करायला हवी. त्यासाठी आतापासून दरमहा काहीतरी बाजूला टाका. मुलाला ती मिळू शकेल, बारावीला 60 टक्के हवेत.

रिटायरमेंटनंतरचं मिस्टरांशी या सुट्टीत बोला, पण त्यांना काय हवंय ते आधी ऐका. डीएससीत, म्हणजे डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये, पुन्हा भरती झाले तर पगार चालू राहतो, पण परत बाहेरगावी राहणं आलं. काहींना ते आवडतं, काहींना चाळिशीनंतर घर सोडवत नाही. राज्य सरकारच्या गट क आणि ड भरतीत माजी सैनिकांना 15 टक्के समांतर आरक्षण आहे. त्यासाठी टायपिंग, एमएससीआयटी, पदवी जे शक्य आहे ते सर्व्हिसमध्ये असतानाच उरकायला हवं. पुनर्वसन महासंचालनालयाचे रिटायर होण्याआधीचे कोर्सही असतात, त्याला नाव द्यायला लावा. पुण्याचं माजी सैनिक महामंडळ, म्हणजे मेस्को, सिक्युरिटीची कामं देतं, तो मार्ग शेवटी आहेच. शेतीच करणार म्हणत असतील तर पुढची प्रत्येक वार्षिक सुट्टी सासऱ्यांबरोबर रानात घालवू द्या. पाणी किती, बांध कुठला, माणसं कोणती, हे एकदम येऊन कळत नाही.

मुलगी सध्या सीबीएसईत आहे की स्टेट बोर्डात ते तुम्ही लिहिलेलं नाही. युनिट शाळेचं वर्ष संपायच्या आधी निघतंय की नंतर, तेही कळवा. त्यावरून क्वार्टरचा अर्ज कधी टाकायचा ते सांगते.