हवामानबदलाची चिंता वाटणारा माणूस पर्यावरणासाठी खरंच काही करतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हवामानबदलाच्या बातम्या वाचून तुम्हाला रात्र रात्र झोप लागत नाही, आजूबाजूला कुणाला याचं काही पडलेलं दिसत नाही, आणि एवढं असूनही बातम्या पुढे पाठवण्यापलीकडे तुमच्या हातून काही होत नाही. मग ही चिंता खरी की नुसतं ढोंग? मानसशास्त्रातलं संशोधन काय सांगतं?

ढोंग नाही. चिंता जितकी जास्त तितकी कृती जास्त, असं साधं गणित आपण मनाशी धरून चालतो आणि ते जमेना की स्वतःला दोष देतो. हे गणितच कच्चं आहे.

मी समुपदेशक नाही. सर्वेक्षणांच्या प्रश्नावल्या तयार करणं हे माझं काम. त्यामुळे कुठलाही निष्कर्ष वाचला की आधी 'नेमकं विचारलं काय होतं?' हे बघायची मला खोड लागली आहे. या विषयात ती फार उपयोगी पडते.

उदाहरणार्थ, २०२१ साली 'लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ' या संशोधनपत्रिकेत आलेली पाहणी घ्या. कॅरोलिन हिकमन आणि सहकाऱ्यांनी १० देशांतल्या १६ ते २५ वयोगटातल्या १०,००० जणांना प्रश्न विचारले. ५९ टक्के जण खूप किंवा अतिशय चिंतेत निघाले. ४५ टक्क्यांहून अधिक जण म्हणाले की या भावनांचा रोजच्या जगण्यावर वाईट परिणाम होतो. हा दुसरा आकडा जगभर गाजला. पण प्रश्न असा होता की खाणं, एकाग्रता, काम, अभ्यास, झोप, निसर्गात वेळ घालवणं, खेळ, मौजमजा, नाती यांतल्या किमान एका गोष्टीवर परिणाम होतो का. 'किमान एक' म्हटल्यावर होकार वाढणारच. पाहणी खोटी आहे असं मी म्हणत नाही, ती महत्त्वाचीच आहे. मात्र 'निम्मी तरुण पिढी कोलमडली' हा अर्थ त्यातून निघत नाही.

त्याच्या शेजारी लॉरेन व्हिटमार्श यांची ब्रिटनमधली २०२२ची पाहणी ठेवा. तिथे तीन चतुर्थांशाहून जास्त लोकांना हवामानबदलाची काळजी होती, पण चिंतेच्या मोजपट्टीवर खऱ्या अर्थाने चिंताग्रस्त ठरले ४.६ टक्के. काळजी वाटणं वेगळं आणि त्या काळजीने जगणं अडणं वेगळं. बातम्यांमध्ये मात्र दोन्ही एकाच पोत्यात भरलं जातं.

ती मोजपट्टी सुसान क्लेटन आणि ब्रायन काराझिया यांनी २०२०मध्ये तयार केली. १३ विधानं आहेत, आणि प्रत्येक आपल्याला किती वेळा लागू पडतं ते सांगायचं. हवामानबदलाच्या विचाराने झोप लागणं कठीण जातं. त्याची भयानक स्वप्नं पडतात. आपल्याला असं का वाटतं याचा विचार करायला मी एकटा बाजूला जाऊन बसतो. मित्र म्हणतात, तू याचा फार विचार करतोस. अशी विधानं. तुमचा प्रश्न वाचताना मला यातली निदान तीन सापडली. तर या दोघांना काय आढळलं? या पट्टीवर वर असणाऱ्यांच्या इतर भावना तीव्र होत्या, पण पर्यावरणपूरक वागण्याशी त्या गुणांचा संबंध दिसला नाही. म्हणजे तुमची जी अवस्था आहे, ती संशोधनाच्या पहिल्याच फेरीत नोंदली गेली आहे.

पुढे चित्र गुंतागुंतीचं झालं. चार्ल्स ओगुनबोडे आणि सहकाऱ्यांनी २०२२मध्ये ३२ देशांतल्या १२,२४६ जणांची माहिती तपासली. ३२ पैकी ३१ देशांत चिंता जास्त तिथे मानसिक स्वास्थ्य कमी. पर्यावरणपूरक वागण्याशी चिंतेचा संबंध २४ देशांत दिसला, आणि चळवळीत उतरण्याशी फक्त १२ देशांत. मला हे तीन आकडे या सगळ्या विषयाचा गाभा वाटतात. चिंतेची किंमत जवळजवळ सगळीकडे मोजावी लागते, तिचा मोबदला मात्र जिथे जागा मिळेल तिथेच. जिथे मोर्चा काढला तर पोलीस उचलून नेतात, किंवा रोजच्या खर्चाची तोंडमिळवणी करता करताच दिवस संपतो, तिथे चिंता बिचारी जाणार कुठे?

आणखी एक सावधगिरी. या पाहण्यांत सहसा लोकांना एकदाच विचारलेलं असतं, त्यामुळे कशामुळे काय झालं ते त्यांतून कळत नाही. चिंतेमुळे माणूस काही करू लागला, की काही करू लागल्यावर जास्त वाचन होऊन चिंता वाढली? दोन्ही शक्य आहे. ओगुनबोडेंच्याच पाहणीत परिणामांच्या बातम्या जितक्या जास्त कानावर पडतात तितकी चिंता जास्त, असंही दिसलं होतं.

आता 'कृती' म्हणून काय मोजतात ते बघा, कारण खरी गोम तिथे आहे. क्लेटन यांच्या प्रश्नावलीत वागणुकीच्या भागात दिवे बंद करणं आहे, कचरा पुनर्वापरासाठी वेगळा काढणं आहे, आणि ऊर्जा वाया घालवल्यावर अपराधी वाटणं हेही आहे. अपराधी वाटणं ही कृती कशी काय झाली? माझ्या हाताखालच्या कुणी असा प्रश्न वागणुकीच्या रकान्यात टाकला असता तर मी तो खोडला असता. शिवाय सेथ वाइन्स आणि किंबर्ली निकोलस यांनी २०१७मध्ये दाखवलंय की गाडी न बाळगणं, विमानप्रवास टाळणं, वनस्पतिजन्य आहार घेणं यांच्यापुढे दिव्यांचे बल्ब बदलण्याने होणारी बचत अगदी किरकोळ आहे. म्हणजे कुणी चिंतेपोटी सगळे दिवे विझवले तर तो प्रश्नावलीत कृतिशील ठरेल, आणि वातावरणाला त्याचा पत्ताही लागणार नाही. उलट घराजवळ धड बससेवा नसलेला माणूस गाडी सोडू शकला नाही तर तो निष्क्रिय ठरेल. यातला बराच भाग मनाचा नाहीच, रस्त्यांचा आणि धोरणांचा आहे. तो मनाच्या खात्यावर टाकायची मानसशास्त्रज्ञांना जरा हौसच असते, असं माझं मत आहे.

स्वतःबद्दल लोक काय सांगतात यापेक्षा ते करतात काय, हे पाहणारा एक मोठा प्रयोग २०२४मध्ये 'सायन्स अॅडव्हान्सेस'मध्ये आला. माडालिना व्लाशानू आणि बऱ्याच संशोधकांनी मिळून ६३ देशांतल्या ५९,४४० लोकांवर ११ वेगवेगळे उपाय तपासले. एका गटाला हवामानबदलाची भीतिदायक माहिती दाखवली, दुसऱ्याला पुढच्या पिढीतल्या मुलाला पत्र लिहायला लावलं, वगैरे. मग चार गोष्टी मोजल्या: हवामानबदलावरचा विश्वास, धोरणांना पाठिंबा, समाजमाध्यमावर माहिती पुढे पाठवण्याची तयारी, आणि झाडं. झाडांची चाचणी मला फार आवडली. पडद्यावर आकड्यांनी भरलेलं पान येतं. त्यातून ठरावीक प्रकारचे आकडे शोधून टिपायचे. काम कंटाळवाणं, पण पान पुरं केलं की एक झाड खरोखर लावलं जाणार. नको असेल तर कधीही थांबा. इथे 'मला पर्यावरणाची कळकळ आहे' या वाक्याला गुण नाहीत, बसून आकडे शोधण्याला आहेत.

निकाल तुमच्या प्रश्नाला थेट भिडतो. भीतिदायक मजकुराने माहिती पुढे पाठवण्याची तयारी १२.१ टक्क्यांनी वाढली. सगळ्या उपायांत तो त्या बाबतीत अव्वल. झाडं मात्र ११ पैकी एकाही उपायाने वाढली नाहीत, आणि भीतीने तर कमीच झाली. तुम्ही बातम्या पुढे पाठवता आणि तिथेच थांबता, ते यात चपखल बसतं. घाबरलेल्या माणसाला सर्वात सोपं काय, तर ते दुसऱ्याला सांगणं. त्यात तुमच्या स्वभावाचा दोष शोधू नका. पण त्या पाठवण्याला काम समजू नका, एवढंच.

मग चिंतेतून काम कधी होतं? बास फरप्लांकन आणि डेबोरा रॉय यांनी २०१३मध्ये पर्यावरणाची सतत काळजी करणाऱ्यांचा अभ्यास केला. त्या काळजीचा विकाराच्या पातळीवरच्या चिंतेशी संबंध निघाला नाही, पर्यावरणपूरक वागण्याशी निघाला. म्हणजे काळजी करणं हाच आजार, असं मुळीच नाही. ऑस्ट्रेलियात सामंथा स्टॅनली यांच्या गटाने २०२१मध्ये भावना वेगळ्या काढून पाहिल्या. ज्यांना मुख्यतः राग येत होता त्यांचं मानसिक स्वास्थ्यही बरं होतं आणि सहभागही जास्त होता. चिंता वाटणारे उलट मागे सरत होते. मला यात नवल वाटलं नाही. रागाला समोर कुणीतरी लागतं, तो कारखाना असो, मंत्री असो की कायदा. चिंतेला समोर कुणी नसतं, ती आपल्यालाच आतून कुरतडत बसते.

स्वीडनच्या मारिया ओयाला मुलांवर आणि तरुणांवर बरीच वर्षं काम करत आहेत. त्यांना साधारण तीन तऱ्हा दिसल्या. काही जण 'एवढं काही नाही' म्हणून विषय झटकतात. काही जण प्रश्नच अंगावर घेतात, सतत वाचतात, काय करावं याचा विचार करतात. ही मुलं कृती करतात, पण बारा वर्षांच्या पोरांनी जगाचा प्रश्न एकट्याने उचलल्यावर ती जास्त उदासही दिसतात. तिसऱ्या तऱ्हेत धोका नाकारलेला नसतो. मात्र बरेच लोक यावर काम करत आहेत, पूर्वीही कठीण प्रश्न सुटलेले आहेत, हे त्याच्या जोडीने धरलेलं असतं. ही मुलं कृतीही करतात आणि त्यांची मनःस्थितीही बरी असते. खोट्या दिलाशापेक्षा हे अगदी निराळं आहे.

एकटं आणि मिळून, हा फरक सारा श्वार्ट्झ यांच्या अमेरिकेतल्या अभ्यासातही आला (२०२२, १८ ते ३५ वयाचे २८४ विद्यार्थी). जे गटाने काही करत होते त्यांच्या बाबतीत चिंता आणि नैराश्याची लक्षणं यांचा दुवा सैल झालेला दिसला. एकट्याने घरच्या घरी बदल करणाऱ्यांना तसं संरक्षण मिळालेलं दिसलं नाही. अभ्यास लहान आहे, पण बाकीच्यांशी जुळतो. म्हणून तुम्ही काही सुरू करणार असाल तर घरातल्या दिव्यांपासून न करता माणसांपासून करा, असं मी सुचवेन. आधीच चालू असलेल्या एखाद्या गटात जा आणि त्यांच्याकडे पडलेलं एखादं रुक्ष काम अंगावर घ्या: हिशेब, पत्रव्यवहार, माहितीचे तक्ते. भाषणं ठोकायला माणसं मिळतात, तक्ते भरायला मिळत नाहीत.

'आजूबाजूला कुणाला पडलेलं नाही' या वाक्यावर मात्र माझा आक्षेप आहे. पीटर आंद्रे आणि सहकाऱ्यांनी १२५ देशांत जवळजवळ १,३०,००० लोकांना विचारलं (निष्कर्ष २०२४मध्ये छापून आले): आपल्या उत्पन्नातला १ टक्का दर महिन्याला हवामानबदल रोखण्यासाठी द्याल का? ६९ टक्के हो म्हणाले. सरकारने आणखी करायला हवं, असं ८९ टक्क्यांना वाटत होतं. मग विचारलं, तुमच्या देशात असा १ टक्का द्यायला किती लोक तयार असतील? अंदाज सरासरीने २६ टक्क्यांच्या फरकाने कमी आला. हो म्हणणं आणि खिशात हात घालणं यात अंतर असतं, ते मान्यच. तरी प्रत्येक जण इतरांना स्वतःपेक्षा बेफिकीर समजतो आणि म्हणून गप्प बसतो, आणि त्या गप्प बसण्यावरून इतरही तेच समजतात, हा भाग खरा वाटतो. तुम्ही तरी तुमची झोपेची गोष्ट ओळखीच्या कुणाला सांगितली आहे का? इथे अनोळखी लोकांना विचारलीत, त्यावरून वाटतं की नसावी.

झोपेचं मात्र वेगळं बघा. रात्री बातम्या बंद करणं हा पळपुटेपणा नाही. व्हिटमार्श यांच्या पाहणीत चिंतेशी धागा बातम्या-माध्यमांचा जुळला, प्रत्यक्ष आपत्ती अनुभवण्याचा नव्हे. नवी बातमी सकाळी वाचली तरी तीच असते. आठवडेच्या आठवडे झोप नाही, कामात लक्ष नाही, जेवण जात नाही अशी स्थिती असेल तर समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे जा. हवामानबदलाची चिंता हे स्वतंत्र निदान म्हणून मानसविकारांच्या अधिकृत याद्यांमध्ये नाही, त्यामुळे कुणी तुमच्यावर तसा शिक्का मारणार नाही. उपचार झोपेवर आणि घोळत राहणाऱ्या विचारांवर होतील. समोरची व्यक्ती 'उगाच कशाला एवढा विचार करता' म्हणून विषय उडवायला लागली, तर सरळ सांगा की कारण खरं आहे हे मला ठाऊक आहे, मला मदत हवी आहे ती रात्री दोन वाजता ते बाजूला ठेवता येण्यासाठी. तरीही ऐकून घेत नसतील तर दुसरं कुणी बघा.