संमतीपत्रातला 'मी' कोण?

"मॅडम, सही मी करायची आणि आईचं काही बरंवाईट झालं, तर?"

हा प्रश्न ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत इतक्यांदा आला आहे की समोरच्याने 'सही' म्हणायच्या आधीच तो मला त्याच्या चेहऱ्यावर दिसतो. कुणाच्या वडिलांच्या मेंदूत गाठ असते, कुणाच्या बायकोच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा आलेला असतो. ऑपरेशन पंधरा दिवसांवर आलेलं असतं आणि घरातला एक माणूस रात्री दचकून उठत असतो. गेल्या महिन्यात पुन्हा एकाने हेच विचारलं, म्हणून हा जुना अनुभव लिहिते आहे. ओळख पटणार नाही इतके तपशील बदलले आहेत.

चाळिशीतला मुलगा, राहायला चरईत. वडील गेल्यापासून घरातल्या प्रत्येक कागदावर त्याचीच सही. बँक, सोसायटी, बहिणीच्या लग्नाचा हॉल, सगळं त्याच्याच गळ्यात. आई महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. उजव्या डोळ्याला अंधुक दिसतं म्हणून मोतीबिंदूच्या संशयाने दाखवायला गेल्या, पुढे एमआरआय झाला आणि डोळ्यांच्या नसांना खेटून असलेला मेनिंजिओमा निघाला. मेंदूच्या आवरणातून वाढणारी ही गाठ बहुतेक वेळा कॅन्सरची नसते आणि हळूहळू वाढते. पण इथे जागाच अवघड होती. काढली नाही तर नजर जात राहणार आणि काढायला जावं तर नजरेलाच धोका, थोडा जिवालाही.

घरात कुजबुज सुरू झाली. ऐरोलीला दिलेली बहीण रात्री दोन-दोनपर्यंत मोबाइलवर टक्केवाऱ्या शोधायची आणि सकाळी भावाला पाठवायची. आईला मात्र 'छोटंसं ऑपरेशन आहे' एवढंच सांगितलं होतं. त्यांचं तलावपाळीला फिरायला जाणं बंद केलं, पेपरही वाचू देईनात. सूज उतरावी म्हणून स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या. त्याने झोप उडते, माणूस चिडचिडा होतो. पण घरच्यांना वाटलं, आईला सगळं कळलंय आणि ती आपल्यावर रागावली आहे. (असं औषध चालू असेल तर स्वभाव का बदलला हे आधी डॉक्टरांना विचारा. कितीतरी भांडणं गोळीची असतात, माणसाची नसतात.)

पहिल्या दोन भेटी मी नुसतं ऐकलं. माझा पाया मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५मध्ये मांडलेल्या विचाराचा: इच्छेचा हट्ट झाला की माणूस खचतो. 'आई बरी व्हावी' ही इच्छा झाली. 'माझ्या हातून घेतल्या गेलेल्या निर्णयातून वाईट होताच कामा नये' हा हट्ट. इच्छेपोटी येणारी काळजी डॉक्टरांना चार प्रश्न विचारायला लावते, हट्टापोटी येणारी धास्ती हातपाय गाळून बसवते. हे त्याला पटलं. झोप मात्र काही लागेना. पटणं आणि रुजणं यांत बरंच अंतर असतं आणि तिथे समुपदेशकाने घाई करू नये, असं माझं ठाम मत आहे.

तिसऱ्या भेटीला मी त्याला हॉस्पिटलच्या संमतीपत्राची कोरी प्रत आणायला सांगितली.

"यात ऑपरेशन यशस्वी होईल अशी हमी कुठे लिहिली आहे?"

त्याने दोन्ही पानं पाहिली. "कुठेच नाही."

"मग सही करणारा नेमकं काय कबूल करतो?"

"धोके समजले आणि ऑपरेशनला तयार आहे, एवढंच."

"आता पहिलं वाक्य मोठ्याने वाचा."

"मी, खाली सही करणार... मला माझ्या आजाराचे स्वरूप, शस्त्रक्रियेतील धोके व इतर पर्याय समजतील अशा भाषेत सांगण्यात आले आहेत."

"यातला 'मी' कोण?"

"मीच ना?"

मी गप्प राहिले. त्याने वाक्य पुन्हा वाचलं, या वेळी मनातल्या मनात. बोट 'माझ्या आजाराचे' या शब्दांवर येऊन थांबलं. बाहेर गोखले रोडवर रिक्षांचे हॉर्न चालू होते. दोन मिनिटं तरी गेली असतील.

"आई," तो म्हणाला. मग रडला. आजार कळल्यापासून पहिल्यांदाच.

त्या दोन मिनिटांत मी एक शब्दही बोलले नाही, याचं मला आजही समाधान वाटतं. तो ज्या ओझ्याखाली वाकला होता ते त्याचं नव्हतंच. आणि आईचं म्हणून जे होतं, ते मुलांनी प्रेमापोटीच त्यांच्या हातून काढून घेतलं होतं. त्यांना या निर्णयातून वगळल्यामुळे तो एकटा पडला होता, हे मलाही त्याच क्षणी लख्ख दिसलं.

कायदाही हेच सांगतो. भूल दिलेल्या एका रुग्णाच्या आईकडून घेतलेली संमती सर्वोच्च न्यायालयाने २००८मध्ये ग्राह्य धरली नाही. रुग्ण सज्ञान होती, तातडीने जीव वाचवायची वेळ नव्हती, म्हणून संमती तिचीच हवी होती. रुग्ण बेशुद्ध असेल किंवा समजण्याच्या स्थितीत नसेल, तर घरच्यांना पुढे व्हावं लागतं. पण तेव्हाही विचारायचं एवढंच, की या माणसाने स्वतः काय ठरवलं असतं?

पुढच्या भेटीला आई आल्या. मी त्यांना 'बाई' म्हटलं, त्या खुलल्या.

"मला सगळं ठाऊक आहे," त्या मुलांकडे बघत म्हणाल्या. "इंग्रजी रिपोर्ट वाचता येतो मला. तुम्ही घाबरला होतात, म्हणून विचारलं नाही."

मुलगी म्हणाली, "आम्हाला वाटलं, तू घाबरशील."

"घाबरलेच आहे. पण जगणं-मरणं राहू दे, मला वाचता येईल का, हे डॉक्टरांना कुणी विचारलंत का?"

कुणीच विचारलं नव्हतं.

त्या रात्री बाईंनी वहीत प्रश्न लिहून काढले. थांबलं तर किती दिवस थांबता येईल? डाव्या डोळ्याला किती धोका? अशी ऑपरेशन्स तुम्ही किती केलीत? फिट आली तर? सर्जनने पाऊण तास बसून उत्तरं दिली. तुमच्या घरीही अशी वही करा आणि ती रुग्णाच्या हातात द्या. इंटरनेटवरचे आकडे वेगळ्या गाठींचे, वेगळ्या जागांचे, वेगळ्या वयाच्या माणसांचे असतात. तुमच्या माणसाचा अंदाज त्याचा स्कॅन बघणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा. नातेवाइकांचे फोन एकानेच घ्यावेत. ऑपरेशनच्या दिवशी बाहेर बसताना आळीपाळीने जेवून या. भूल देण्यात, डोकं नीट बसवण्यातच बराच वेळ जातो, त्यामुळे सांगितलेली वेळ उलटली म्हणजे वाईटच झालं असं धरू नका. आणि रुग्णासमोर डोळे भरून आले तर येऊ द्या. त्याला आधीच कळलेलं असतं.

ऑपरेशन पार पडलं. उजव्या डोळ्याची गेलेली नजर फारशी परत आली नाही, डावा डोळा शाबूत राहिला. बाई वाचतात.

मुलगा नंतर एकदाच भेटायला आला आणि आदल्या संध्याकाळचं सांगून गेला. बाईंनी संमतीपत्र पूर्ण वाचलं, 'शस्त्रक्रीया' असं छापलेलं ऱ्हस्व करून घेतलं आणि सही केली. खाली साक्षीदाराची सही त्याची होती. पेन धरलेला हात थरथरायला लागला, तेव्हा त्यांनी कागदावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "इथे. या रेघेवर. सावकाश."